मारबतीच्या गावात

पुण्या-मुंबईचा पाहुणा नागपूरला येतो तो बहुधा थंडीत, संत्र्यांच्या ओढीने. मी त्याला नेहमी सांगतो, "अहो, एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या. उकाड्याने जीव नकोसा होईल, पण खरे नागपूर दिसेल!"

त्या दिवशी एकीकडे तान्हा पोळा असतो. चाकांचे लाकडी बैल ओढीत मुले दारोदार 'बोजारा' मागतात. दुसरीकडे इतवारीच्या गर्दीतून मारबत निघते. बांबू-कागदाची ही भली थोरली बाई. गावाची रोगराई, इडापिडा पदरात घेऊन तिने गावाबाहेर जावे आणि जळून जावे, एवढेच तिचे काम! काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, असे सांगतात. नेहरू पुतळ्याच्या चौकात दोघींची भेट होते, तेव्हा पाय ठेवायला जागा उरत नाही. मागोमाग बडगे येतात. महागाई, भ्रष्टाचार, वर्षभरात जे जे लोकांना छळते त्याचा बडग्या होतो.

आणि २०२० साली करोना आला. रोगराई हाकलणाऱ्या मारबतीलाच मिरवणुकीची परवानगी मिळाली नाही! आमच्या आळीत लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे, "शतकाची परंपरा मोडली." दुसरा म्हणे, "साथ घालवायला गर्दी जमवायची, हा कुठला न्याय?" आळीतल्या दोन घरांतली माणसे तेव्हा इस्पितळात होती, वाद फार वेळ टिकला नाही.

त्याच वर्षी दीक्षाभूमीवरचा सोहळाही झाला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा घेतली, तेथे दरवर्षी लाखोंनी माणसे येतात. त्या वर्षी त्यांनी घरीच वंदना केली. पुढे नाशिकचे मराठी साहित्य संमेलन मार्चवरून डिसेंबर २०२१ वर गेले. कोणी रस्ता सोडला, कोणी जागा, कोणी तारीख. मूळ गोष्ट कोणी सोडली नाही.

ही युक्ती मला मारबतीतच दिसते. मारबत ठरलेली, बडगे मात्र दरसाल नवे! कोणत्याही उत्सवाच्या कार्यकर्त्यांनी संकट येण्याआधीच बसून ठरवावे, की आपल्या कार्यक्रमातली मारबत कोणती आणि बडगे कोणते. म्हणजे ऐनवेळी हातघाईवर यावे लागत नाही.

मात्र हे लवचीकपण फुकट मिळत नाही. मिरवणूक थांबली की ढोलताशेवाल्याची चूल थांबते. मांडववाल्याचे बांबू पडून राहतात. आमच्या आळीच्या मंडळाने त्या वर्षी गणपती साधेपणाने बसवला, तेव्हा मांडववाल्याला दिलेला विसार परत मागायचा नाही, एवढा एक ठराव कुरकुरीविना मंजूर झाला. वर्गणीचा इतका चांगला विनियोग आम्ही क्वचितच केला असेल.

२०२२ साली मारबत पुन्हा थाटात निघाली. पोरे बापाच्या खांद्यावर बसून आरोळ्या ठोकीत होती. कडेला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र मारबत समोर येताच मुकाट्याने हात जोडले. दोन वर्षांची इडापिडा तिच्या पदरात घालायची होती. त्याला वेळ लागतच असेल.