तिसरें रूप

आमचे चिरंजीव हवाईदलांत आहेत; म्हणून सूनबाईंस घरांत लढाऊ खेळणें नको. नातवाचें विमान मात्र १९८२ च्या ‘मॅक्रॉस’ या जपानी चित्रमालिकेंतील. विमानाचा योद्धा होतो हें ठीक; पण कल्पकांनीं मधलें तिसरें रूप काढलें, ‘गर्वॉक’: पंख तसेच, खालीं पाय, बाजूंस हात! जमिनीलगत तरंगत लढण्यास तें सोईचें. (आम्हांस नरसिंह आठवला.) याच साच्याचें खेळणें १९८५ सालीं अमेरिकेंत ‘जेटफायर’ म्हणून विकलें गेलें. नातू आपलें विमान सदैव या अर्धवट रूपांतच ठेवतो. कां, म्हणून आम्हीं विचारलें.

“याला धावपट्टी लागत नाहीं, आजोबा. बाबा थेट अंगणांत उतरतील.”

सूनबाईंनीं तें माळ्यावर टाकण्याचें तूर्त राहूं दिलें आहे.