मृत साठा

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी नारायण धारपांच्या भयकथा हा विषय सुचवला होता. मी तो नाकारला. ‘जरा गंभीर विषय घे’ असे म्हणालो. तिने निमूटपणे ग्रामीण कादंबरी घेतली, प्रबंध वेळेत दिला आणि गुणही चांगले मिळवले. त्या नकाराबद्दल आज मला संकोच वाटतो. तो का, हे सांगण्यासाठी हा लेख.

ज्या साहित्याला आपण ‘गॉथिक’ म्हणतो त्याचा आरंभ होरेस वॉल्पोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कादंबरीपासून मानला जातो. वॉल्पोल यांनी ती प्रथम एका जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद म्हणून छापली. पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीत कर्तृत्व मान्य केले आणि ‘गॉथिक कथा’ हे उपशीर्षक जोडले. ‘गॉथिक’ हा शब्द मुळात हेटाळणीचा. प्रबोधनकाळाने मध्ययुगीन वास्तुशैलीला रानटी ठरवण्यासाठी तो वापरला होता. विवेकवादाच्या ऐन भरात हाकलून दिलेले मध्ययुग कादंबरीच्या दारातून असे परत आले. पुढे अ‍ॅन रॅडक्लिफ, मॅथ्यू लुईस, मेरी शेली, पो आणि १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकर यांचा ‘ड्रॅक्युला’ अशी ही परंपरा विस्तारत गेली.

या साहित्याची लक्षणे आपण वर्गात सांगतो : पडका किल्ला, भुयार, जुने हस्तलिखित, कोंडलेली स्त्री, जुलमी कुलपुरुष. रॅडक्लिफ यांनी दहशत आणि किळसवाणे भय यांत केलेला भेदही सांगतो. दहशतीने मन विस्तारते, भयाने ते गोठते, असे त्यांचे म्हणणे. पण ही यादी नेपथ्याची झाली. मुळाशी बहुधा एक मालमत्तेचा प्रश्न असतो. ओट्रँटोचा किल्ला बळकावलेला आहे. आजोबाने केलेल्या अपहाराची किंमत नातवंडे मोजतात. गॉथिक कथेतले भूत बहुतेकदा जुन्या हिशेबाची थकबाकी मागायला आलेले असते.

मराठी समीक्षेने मात्र भयकथेला ‘रंजनप्रधान’ या कप्प्यात ठेवून कप्पा बंद केला. ‘मुक्तामाला’सारख्या (१८६१) अद्‍भुतरम्य कादंबऱ्यांना इतिहासात निदान आरंभीचे प्रकरण मिळाले, धारप, रत्नाकर मतकरी वाचनालयांत झिजत राहिले आणि अभ्यासक्रमाच्या उंबऱ्यावरच थांबले. धारपांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला, तेव्हा अनेकांना प्रथमच जाणवले, की कोकणातल्या एका पावसाळी वाड्यात लोभाचा वारसा बापाकडून मुलाकडे कसा जातो, हे सांगायला भयकथेइतके नेमके माध्यम दुसरे नाही.

असे असले तरी मी स्वतःशी म्हणत असे, की इंदापुरात गॉथिक कुठून आणायचे? इथे मालोजीराजांची गढी आहे. पण तिच्याविषयी आम्हांला अभिमान वाटतो, भीती नव्हे. अभिमानाच्या वास्तूत भूत राहत नाही. ते राहते तिथे, जिथे आपण नजर चुकवतो.

आमच्या तालुक्यात अशी जागा पाण्याखाली आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. माझा जन्म त्याच सुमाराचा. नदीकाठची गावे उठली; पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर जलाशयात गेले. आमचेही घर गेले. उठताना लोकांनी तुळया, दारे, चौकटी काढून आणल्या. आमच्या नव्या घराला जुन्या वाड्याची सागवानी चौकट आहे. खोलीच्या मानाने ती इतकी मोठी, की आधी चौकट उभी केली आणि मग तिच्या मापाने भिंत बांधली. मी त्या चौकटीतून ये-जा करतच वाढलो. तिचे मूळ घर कुठे आहे, हे कधी विचारले नाही. फ्रॉइड यांनी १९१९ च्या निबंधात ज्या अनुभूतीचा विचार केला, तिच्या जर्मन नावातच घर आहे : जे घरचे होते आणि परके होऊन परतले, ते. तो निबंध मी कितीदा तरी शिकवला. चौकट मात्र दिसली नाही.

उजनीची साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यांतले ६३ टीएमसीहून अधिक पाणी हे ‘मृत साठा’. हा शब्द अभियंत्यांचा आहे, कुणा भयकथाकाराचा नाही. पातळी त्याखाली गेली, की धरण ‘उणे’ झाले असे म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते खोल उण्यात गेले आणि पळसनाथाचे मंदिर उघडे पडले. अण्णांनी प्रथमच ‘गावात जाऊ’ म्हटले.

भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. घरांची जोती तेवढी शिल्लक होती, फार तर गुडघ्याएवढी. अण्णा एका जोत्याला वळसा घालून पलीकडे गेले. मी जवळच्या वाटेने दगडांवरून आत उतरू लागलो, तसे ते ओरडले, ‘तिकडनं न्हाय. दारातनं ये.’

तिथे दार नव्हते. दोन दगडांमध्ये चौकटीच्या मापाची मोकळी जागा होती. मी मागे फिरलो, वळसा घेतला आणि तिच्यातून आत गेलो.

परतताना अण्णा काठावरच्या आमच्या मोटारीपाशी थांबले. पाणी फार मागे हटले होते. पाइप वाढवावा लागणार होता. आमचा ऊस याच पाण्यावर उभा आहे. ज्या पाण्याने घर गिळले, त्यावरच आमची पिढी शिकली, मीही. ओट्रँटोत बळकावणारा आणि वारस हे दोघे वेगळे असतात. आमच्याकडे ते एकाच सातबाऱ्यावर नांदतात. ही गोष्ट ग्रामीण कादंबरीच्या चौकटीत मला कधी नीट मांडता आली नव्हती, कारण तिथे मी स्वतःला फक्त विस्थापितांत धरत होतो.

त्या विद्यार्थिनीचे गावही धरणकाठचेच होते, हे मला प्रबंधाच्या अर्पणपत्रिकेवरून कळले होते. तिला धारपच का हवे होते, हे मी विचारले नव्हते. यंदा एकाने भयकथेचा विषय आणला आहे. तो नाकारला नाही. आधी त्याला त्याच्या घराविषयी विचारले.