घड्याळातला चार

पाचवीच्या गणितात रोमन अंक आले की घरोघरी आयांची पंचाईत होते. आमच्या उर्दू शाळेतली मुलं उर्दू, मराठी आणि इंग्रजी आकड्यांशी आधीच झगडत असतात. त्यात हे चौथे!

पण हिसाब सोपा आहे. संख्या आधी फोडायची. १९४७ म्हणजे १०००, ९००, ४० आणि ७. हजाराला एम. नऊशेला सीएम, म्हणजे हजारातून शंभर वजा. चाळीसला एक्सएल, पन्नासातून दहा वजा. साताला व्हीआयआय. वजाबाकी फक्त चार आणि नऊसाठी, बाकी सगळी बेरीज.

घरातल्या बुजुर्गांना अब्जद ठाऊक असेल. तिथेही अक्षरालाच किंमत: अलिफ १, लाम ३०, मीम ४०. मात्र अब्जदमध्ये अक्षरं कशीही मांडा, बेरीज तीच. रोमनमध्ये आय हा व्हीच्या आधी आला तर ४, नंतर आला तर ६.

मागे एका मुलीने फळ्यावर चारसाठी चार उभ्या रेघा ओढल्या. वर्ग हसला. ती रडवेली होऊन म्हणाली, ‘‘दादीच्या घड्याळात असंच आहे.’’ खरंच होतं ते. अनेक घड्याळांवर चार तसाच लिहायची जुनी रीत आहे. आम्ही वर्गाला तसं सांगितलं आणि परीक्षेत आयव्ही लिहायचं, हेही सांगितलं. त्यानंतर ती बिनधास्त प्रश्न विचारू लागली.

म्हणून आई-वडिलांना एकच सांगणं: ‘चूक’ म्हणण्याआधी ‘हे कुठे पाहिलंस?’ एवढं विचारा. घरात डोळे उघडे ठेवून शिकलेलं मूल हसण्यावारी गेलं, तर ते पुढे पाहणंच सोडून देतं.