बिनपगारी वसुली अधिकारी

सीवूड्सच्या आमच्या बाल्कनीतल्या जास्वंदीवर मावा पडला. "मावा" म्हणताच चिरंजीव वाटी घेऊन धावले. पण हा मावा थकबाकीदाराच्या जातीचा: रस शोषायचा, जागचं हलायचं नाही. त्याच्या गोड चिकट्याच्या लोभाने मुंग्या जामीन राहिलेल्या. त्यात एक काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी अळी दिसली. मी तत्परतेने तशा दोन चिरडल्या.

शेजारचे निवृत्त कृषी अधिकारी कळवळले, "अहो, ही ढालकिड्याची पिल्लं! मोठेपणी लाल अंगावर काळे ठिपके येतात. लहानमोठे सगळे मावाच खातात!"

उरलेल्या अळ्यांनी आठवड्यात जास्वंद साफ केली. १८८८ साली कॅलिफोर्नियाने संत्र्यांवरच्या खवलेकिडीसाठी ढालकिडे थेट ऑस्ट्रेलियातून मागवले होते. माझ्याकडे आपणहून आले, तर मी मारले. बँकेतली सवय, दुसरं काय! तोंड बघून अर्ज फेटाळायचा.