डाळिंब

एखाद्या शब्दाचे मूळ सापडले की ते कोणाला तरी गाठून सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हा आमच्या धंद्याचाच दोष! गेल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझ्या तावडीत सापडला एक जुना विद्यार्थी. बी. ए.ला मराठी घेतलेला हा मुलगा पुढे एका निमलष्करी दलात भरती झाला. तीन वर्षांनी दिवाळीची रजा मिळाली, म्हणून आवर्जून भेटायला आला होता. आम्ही दोघे पटांगणाच्या कट्ट्यावर बसलो होतो आणि समोर आमचे चिरंजीव भुईनळे लावीत होते.

"तुझ्या हातात हत्यार कोणतं असतं रे?" मी विचारले.

"यूबीजीएल, सर."

म्हणजे रायफलच्या नळीखाली बसवलेला, ग्रेनेड फेकणारा आखूड नळा. झाले! मी सरसावून बसलो. ग्रेनेड हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ डाळिंब. आत ठासून दाणे भरलेले, म्हणून ते नाव. आणि गंमत पाहा, हिंदीत भुईनळ्याला म्हणतात अनार. म्हणजे पुन्हा डाळिंबच! माझ्या पोराच्या हातात एक डाळिंब, तुझ्या हातात दुसरे.

वर्गात हलवायचा तशी त्याने मान हलवली. मग खिशातला रुमाल काढून त्याची मूठभर गुंडाळी केली आणि माझाच तास घेतला. हाताने फेकलेला गोळा जातो फार तर तीस-चाळीस मीटर. हा नळा तोच चारशे मीटरपर्यंत नेतो. गोळ्याची जाडी चाळीस मिलिमीटर, वजन पाव किलोच्या आतबाहेर. त्यातली दारू आधी एका लहान डबीत जळते आणि तिथला दाब भोकांवाटे मोठ्या पोकळीत उतरतो; म्हणून धक्का इतका सौम्य, की माणसाला तो खांद्यावर झेलता येतो. वेग सेकंदाला जेमतेम पाऊणशे मीटर. उजेड बरा असला तर जाताना डोळ्यांना दिसतो म्हणे! शिवाय, फिरत फिरत काही मीटर दूर गेल्याखेरीज तो फुटायला तयारच होत नाही. सोडणाऱ्याला इजा होऊ नये, ही काळजी.

पुढे मी वाचून पाहिले. अमेरिकी लष्कराने १९६१ मध्ये असा खांद्यावरून सोडायचा नळा घेतला आणि तो व्हिएतनाममध्ये गाजला. त्याच्या धप्प अशा आवाजावरून शिपायांनी त्याला 'थंपर' म्हटले. आपल्याकडचा नळा आखला गेला तो पुण्यात, पाषाणच्या शस्त्रसंशोधन संस्थेत. घडवला तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात. पाषाण रस्त्यावरून मी पंधरा वर्षे कॉलेजला जातो आहे. त्या कुंपणाकडे कधी मान वळवून पाहिले असेल तर शपथ.

असो. तेवढ्यात एक भुईनळा नुसताच फुसफुसला आणि विझला. चिरंजीव त्यावर वाकले.

"हात लावू नकोस!"

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वर्गात हजेरीला 'यस सर' म्हणताना लाजणारा मुलगा तो! एका उडीत त्याने पोराला मागे ओढले, बादली उपडी केली आणि ओल्या नळ्याकडे पाहत उभा राहिला. मग कट्ट्यावर येऊन बसला. बराच वेळ बोलला नाही.

"आम्ही मोजतो, सर," तो शेवटी म्हणाला. "सोडले किती, फुटले किती. न फुटलेला तिथंच पडून राहतो."

"मग?"

"एकदा सहा सोडले. मी पाचच मोजले. पाऊस होता, अंधार पडला, निघायचा हुकूम आला. मी कळवलं. दुसऱ्या दिवशी शोधलंही. मिळाला नाही." त्याने रुमालाची घडी घातली. "तिकडं पोरं गुरं चारायला येतात, सर."

"किती दिवस झाले याला?"

"दोन वर्षं."

काय बोलावे ते मला सुचेना. "चकली घे," एवढेच मी म्हणालो. आणि त्यानेही ती आज्ञाधारकपणे घेतली.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी मी खराटा घेऊन पटांगणात उतरलो तेव्हा सौभाग्यवतींना आश्चर्यच वाटले असावे. खोक्यात भुईनळे होते दहा. भिजवलेला धरून नऊ सापडले. एक तर कुंडीमागे. दहावा शोधीत होतो, तोच ओवाळण्यासाठी वरून हाक आली.

"आलोच," मी म्हणालो आणि जिन्याखाली वाकून पाहू लागलो.