एसटीचे भाडे कोण देणार?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेडोपाडी आमची घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना ठार मारले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला.

आमच्या वस्तीला मदत आली, नाही असे नाही. पत्रे मिळाले, शहरातून कपड्यांची गाठोडी आली. (शेतात नेसून जाण्याजोगे त्यांत एखादेच लुगडे!) पण राहायचे त्याच गावात. शेतमालक कामाला बोलवीना, दुकानदार उधार देईना. कोर्टाची तारीख पडली की साक्षीदाराची मजुरी बुडे, वर एसटीचे भाडे. त्याला मदतीच्या कागदावर रकाना नव्हता. आमच्या महिला मंडळाने घरटी रुपया नि ओंजळभर ज्वारी जमवली. त्यावर सहा साक्षीदार तालुक्याला जाऊन आले. पैसे सरल्यावर दोघे गेले नाहीत. त्यांना आम्ही बोल लावत नाही.

आज दंगलीनंतर मदत करणाऱ्या संस्थांना आमचे सांगणे एवढेच : पैसे वस्तीतल्या मंडळाच्या हाती द्या, हिशेब खुशाल मागा. कोणाच्या चुलीवर तवा चढला नाही, हे शेजारणीला आधी कळते. आणि वर्षभरात हात आखडू नका. आमचा खटला चार वर्षे चालला.