उधाणाआधी

अष्टमीच्या भांगाला रेवदंड्याची खाडी आळसावलेली असते. कोर्लईच्या पायथ्याशी कुंडलिकेचं पाणी थोडंफार हलतं. पण तिवरांच्या आत शिरून पुढे कुठेच न उघडणारे जे फाटे आहेत, तिथे ते जागच्या जागी घुटमळतं. गाळ बसतो. त्यातून श्वसनमुळं वर डोकावतात, एखादा निवट्या ओल्या अंगानं चिखलावर उडी मारतो. मग अमावास्येचं उधाण येतं आणि परतताना बसलेलं बरंच काही उचलून नेतं. या येण्याजाण्यावरच किनारा जगतो, म्हणून मी त्याला मनोमन हात जोडतो.

असा एक आंधळा फाटा आपल्या छातीतही आहे. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला, कर्णिकेला, चिकटलेली अंगठ्याएवढी पिशवी. कप्पा नीट आकुंचन पावतो तोवर तीही दर ठोक्याला रिकामी होते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये मात्र कर्णिका मिनिटाला साडेतीनशेहून जास्त वेळा नुसतीच थरथरते आणि पिशवीत रक्त साकळतं. झडपेचा आजार नसलेल्या अशा रुग्णांत गुठळी सापडली, तर दहापैकी नऊ वेळा ती इथेच असते.

ओळखीतल्या एका म्हाताऱ्या नाखवांची नाडी अशीच बेताल झाली. शॉक देऊन ठोका ताळ्यावर आणायचा, म्हणजे कार्डिओव्हर्जन, असं ठरलं. ‘मग आजच देऊन टाका ना!’ मुलगा म्हणाला. घाई समजण्यासारखी होती. पण कर्णिका पुन्हा जोर धरू लागली की साकळलेली गुठळी सुटून थेट मेंदूपर्यंत जाऊ शकते, आणि माणूस अर्धांगवायूनं आडवा होतो. त्रास ४८ तासांहून जुना असेल, तर दोनच वाटा: आधी किमान तीन आठवडे रक्त पातळ ठेवणारी औषधं, नाहीतर औषध सुरू करून आत डोकावून पाहणं.

छातीवरून केलेल्या साध्या इकोत ही पिशवी नीट दिसत नाही. अन्ननलिका मात्र डाव्या कर्णिकेला मागून अगदी खेटून जाते. उपाशीपोटी, घसा बधिर करून, नळी तिथवर उतरवतात. पडद्यावर संथ रक्ताचे करडे भोवरे फिरताना दिसतात. पिशवीच्या आतल्या स्नायूंच्या कडा हुबेहूब गुठळीसारख्या भासतात, म्हणून डॉक्टर कोन बदलून बदलून बघत राहतात. पिशवीतून रक्त सेकंदाला २० सेंटिमीटरपेक्षा कमी वेगानं बाहेर पडत असेल, तर संशय बळावतो.

१९५३ साली स्वीडनमध्ये इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहायला सुरुवात केली, ती माल्मोच्या जहाजगोदीतलं धातूचे दोष हुडकणारं यंत्र वापरून. नाखवांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. त्यांच्या ट्रॉलरवर तळ शोधणारं यंत्रही ध्वनीवरच चालतं.

२००१ सालच्या एका मोठ्या अभ्यासात १,२२२ रुग्णांवर दोन्ही वाटा ताडून पाहिल्या गेल्या. गुठळीचा धोका दोन्हींत जवळपास सारखाच निघाला; आधी पाहून घेतलेल्यांत रक्तस्राव कमी झाला.

नाखवांची पिशवी स्वच्छ निघाली. शॉक दिला, ठोका जुळला, आणि घरच्यांना वाटलं की आता गोळ्या सुटल्या. इथेच बहुतेकांची गफलत होते. लय परतली तरी कर्णिका काही दिवस, कधी काही आठवडे मंदच राहते. नवी गुठळी तेव्हाही धरू शकते. म्हणून नंतरचे किमान चार आठवडे औषध चुकवायचं नाही, पिशवी कितीही स्वच्छ दिसलेली असो. नाखवांचं वय पाहता डॉक्टरांनी त्यांना गोळी पुढेही चालूच ठेवायला सांगितली आहे, आणि त्यावरून घरात अजून रोज कुरकुर चालते.